कांदा पुरा होऊ नये म्हणून

मयुरीनं नागसेनला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वर्ध्याच्या भाजीबाजारात, भर उन्हात, कांद्याचं साल डोळ्यासमोर धरून आभाळ बघत उभा होता. एक साल बघून झालं की ते खाली टाकायचा आणि ढिगातल्या दुसऱ्या कांद्याला हात घालायचा. बरेच कांदे उघडेबोडके झाल्यावर भाजीवाल्या जयवंताबाईचा संयम संपला.

"काऊन रे बाबू, कांदे घेऊन राह्यला का त्याह्यचा एक्सरे काढून राह्यला?"

"घेतो ना मावशी," तो गंभीरपणे म्हणाला. "पण मले फक्त सालं पाह्यजे."

"सालं तू नेशीन, अन् कांदे काय मी माह्या घरी नेऊ?"

शेजारी वांगी निवडत बसलेली मयुरी फसकन हसली. त्यानं वळून पाहिलं. रागावला नाही, लाजलाही नाही. उलट साक्षीदार सापडल्यासारखा तिच्याकडे सरकला आणि हातातलं साल तिच्यासमोर धरून म्हणाला, "तुमी पाहा बरं... ह्याच्यातून पलीकडलं दिसते का तुमाले?"

आता असल्या प्रश्नाला शहाण्या मुलीनं उत्तर देऊ नये. मयुरी शहाणी होती, पण त्या दिवशी तिच्या शहाणपणाला सुट्टी असावी. तिनं पाहिलं. तांबूस साल, त्यात बारीक उभ्या रेघा, आणि रेघांच्या पलीकडे एक मोठा, काळाभोर, काळजीत पडलेला डोळा.

"दिसते," ती म्हणाली. "पण... फिकं दिसते."

"फिकं," तो स्वतःशीच पुटपुटला आणि उघडे पडलेले सगळे कांदे विकत घेऊन चालू लागला. मयुरीला वाटलं, चेहरा बरा आहे, डोक्याचं मात्र काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी नोकरीवर रुजू व्हायला गेली, तर तेच डोकं तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेलं निघालं.

गोष्ट २००५ सालची. नागपुरात वर्षभर ॲनिमेशन शिकून आलेल्या मयुरीला गावातच नोकरी मिळाली होती, भूपेंद्रच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे त्याच्या वडिलांच्या, प्रभाकररावांच्या कापडदुकानावरची खोली. तीन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि जिन्यातून वर येणारा कोऱ्या कापडाचा वास. प्रभाकररावांच्या या मुलाला कापड विकायचं नव्हतं. त्याला कार्टून काढायचं सॉफ्टवेअर तयार करून विकायचं होतं. ते लिहायला त्यानं देवळीचा इंजिनीअर मुलगा धरला होता, म्हणजे नागसेन, आणि त्यात खरंखुरं कार्टून काढून बघायला मयुरी. भूपेंद्रनं नागसेनला बजावलं होतं, "ह्याच्यात ओनियन स्किन पाह्यजे. त्याच्याबिगर कोणी हात नाई लावणार." ओनियन स्किन म्हणजे काय, हे विचारायची इंजिनीअरला लाज वाटली. म्हणून तो बाजारात गेला होता.

हे ऐकून मयुरी टेबलावर डोकं टेकवून हसली. मग डोळे पुसून तिनं त्याला समजावलं. कार्टून म्हणजे एकामागोमाग एक चित्रं, प्रत्येकात जरासा फरक. नवं चित्र काढताना मागचं खालून अंधूक दिसायला हवं, नाहीतर कोंबडीनं पाय कुठून उचलला आणि कुठं ठेवायचा हे कळणार कसं? पूर्वीचे चित्रकार त्यासाठी पातळ कागद वापरायचे, कांद्याच्या सालासारखा. नाव तिथून पडलं. कॉम्प्युटरात तीच अंधूक सावली पडद्यावर दाखवायची, मागच्या चित्राची आणि मधलं चित्र भरताना पुढच्याचीही, एवढंच.

"म्हणजे कांदा लागतच नाई?"

"भाजीत लागते."

तो मान खाली घालून हसला. त्याचे कान लाल झाले होते, आणि मयुरीला ते उगीचच पुन्हा एकदा बघावेसे वाटले. तेव्हापासून स्टुडिओत ओनियन स्किनला कोणी ओनियन स्किन म्हणालं नाही. सगळे कांदाच म्हणायचे. कांदा चालू कर, कांदा बंद कर, कांदा जरा फिका कर.

नागसेनचा पहिला कांदा भयंकर होता. मागचं चित्र, पुढचं चित्र आणि चालू चित्र, तिन्ही सारखीच काळी. मयुरी मुलांच्या गाण्यांच्या सीडीसाठी शाळेत जाणारी कोंबडी काढत होती.

"हे कोंबडी आहे का गोम आहे?" तिनं विचारलं. "सहा पाय दिसून राह्यले."

"तुमीच काढली."

"मी दोन काढले. चार तुमी देल्ले."

मग त्यानं मागचं लाल आणि पुढचं हिरवं केलं. मग जितकं लांबचं चित्र तितकं फिकं. मग फिकेपणा कमीजास्त करायला पडद्याच्या कडेला एक सरकपट्टी. तिचा हात कसा चालतो हे कळावं म्हणून तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा, इतका जवळ की मयुरीची रेघ हमखास वाकडी जायची, आणि ती दोष सॉफ्टवेअरला द्यायची.

"मागचं किती दिसलं पाह्यजे तुमाले?" त्यानं एकदा विचारलं.

"थोडंसंच. मागचंच पाहत बसली तर पुढं हात कसा चालन?"

"अन् पुढचं?"

"पुढचं..." पेन हवेत थांबलं. "पुढचं तुमी जेवढं दाखवसान तेवढं."

आपण काय बोलून गेलो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. खाली दुकानात कुणीतरी कापड टरकन फाडलं तेवढाच आवाज. नागसेननं वहीत काहीतरी टिपून घेतलं.

"मंग पुढची दोन चित्रं ठेवतो," तो म्हणाला.

असा माणूस. काय बोलावं त्याला?

दुपारी लोडशेडिंग असायचं. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालायचा, तो नागसेनचा, आणि तोही तो बंद करून टाकायचा. दोघं जिन्यात येऊन बसायचे आणि संत्री सोलायचे. मयुरी सोलायची, नागसेन प्रत्येक फोडीवरचे पांढरे धागे काढून ती तिच्या बाजूला ठेवायचा. आपल्या फोडी मात्र धाग्यांसकट खायचा. या संत्र्यांच्या हंगामात 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

आणि मग एका सकाळी भूपेंद्र मोबाईल नाचवतच वर आला. पुण्याच्या एका कंपनीला सॉफ्टवेअर हवं होतं. आणि सॉफ्टवेअरसोबत ते लिहिणाराही हवा होता.

"कांदा पुरा झाला का त्याह्यचे साहेब पाह्याले येतीन," भूपेंद्र म्हणाला. "पसंत पडला का सॉफ्टवेअर पुण्याले, अन् आपला नागसेनही पुण्याले. नशीब काढलं लेका तू."

नागसेननं मयुरीकडे पाहिलं. मयुरीनं कोंबडीकडे पाहिलं. कोंबडी दप्तर घेऊन ऐटीत चालली होती, मागची लाल, पुढची हिरवी, सगळं जिथल्या तिथं. खरं सांगायचं तर कांदा झालेलाच होता.

"अजून पुरा नाई झाला," मयुरी म्हणाली.

"काय राह्यलं?"

"तिसरं चित्र काढलं का... हिरवी सावली डावीकडे सरकते."

हे धादांत खोटं होतं. सावली कुठेच सरकत नव्हती. पण भूपेंद्र कितीही स्टुडिओवाला झाला तरी कापडवाल्याचा मुलगा. प्रभाकररावांच्या दुकानात एक रीत होती: कापड खराब निघालं म्हणून कोणी परत आणलं तर आधी भोक दाखवायचं. भोक दिसल्याशिवाय माल परत नाही.

"मी भोक पाहीन, मंगच थांबीन," भूपेंद्र म्हणाला. "नागसेन, संध्याकाळी दाखवजो मले."

मयुरी त्या संध्याकाळी वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेला घरी गेली. उद्या आपली अब्रू जाणार आणि परवा नागसेन, एवढंच तिला दिसत होतं. सकाळी भीत भीत जिना चढली, तर भूपेंद्र दारातच उभा.

"पाह्यलं मी," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "सरकते. चांगलीच सरकते. बरं झालं तू सांगतलं."

"दिसलं... तुमाले?"

"माह्या डोळ्यानं."

मयुरीनं नागसेनकडे पाहिलं. तो कीबोर्डवरची धूळ फुंकत होता.

माणसाला नशिबानं एकदा साथ दिली की तो धीट होतो. मयुरी भलतीच धीट झाली. पुढच्या आठवड्यात तिनं सांगितलं, सरकपट्टी ओढली की लाल रंग गुलाबी होतो. भूपेंद्रनं संध्याकाळी नागसेनच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, होत होता. मग सांगितलं, पहिल्या चित्रावर आलं की शेवटचं चित्र मध्येच डोकावतं. डोकावत होतं. हळूहळू तिची अशी समजूत झाली की सॉफ्टवेअर खरोखरच नासकं आहे आणि न दिसणारे दोष हुडकायची आपल्याला जन्मजात देणगी आहे. त्यामुळे खोटं बोलल्याची टोचणीही कमी झाली. थंडी पडली, जिन्यातली संत्री गोड झाली, आणि कांदा काही पुरा होईना.

"दिवाळीपासून ऐकून राह्यली मी," तिची आई सुलोचना भाकरी थापता थापता म्हणाली. "एक कांदा होऊन नाई राह्यला तुमच्याच्यानं?"

"कठीण असते ते, आई."

"कठीण असते का गोड असते?" आईनं भाकरी उलटली आणि मुलीच्या चेहऱ्याकडे न बघताच पुढं म्हणाली, "त्या देवळीच्या पोराले कांदा आवडते का, इचारजो बापा."

पण खोटं बोलायचं तर कल्पनाशक्ती लागते, आणि मयुरीची संपत आली होती. पुण्याहून रोज फोन येत होते. शेवटी एक दिवस काहीच सुचेना तेव्हा ती म्हणाली, "लाल सावली... कधी कधी उलटी होते."

नागसेननं मान वर केली. "उलटी म्हणजे?"

"डोकं खाली. पाय वर."

"नेहमी?"

"नाई. तिच्या मनात आलं का."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती कानाच्या पाळीपर्यंत तापली, पण नजर काढली नाही.

"ह्याले वेळ लागन," तो अगदी हळू म्हणाला.

"लागू दे ना," तीही तितक्याच हळू म्हणाली.

वेळ लागलाच. पण पुण्याचे साहेब थांबेनात. त्या कंपनीचे पियुष सर एका दुपारी गाडी घेऊन दारात हजर झाले. चकचकीत बूट आणि पुस्तकी मराठी. ते जिना चढून आले आणि लाईट गेली.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "इन्व्हर्टर दिसतोय. त्या मशीनवर दाखवा."

"त्याच्यावर नको," नागसेन एकदम उभा राहिला. "लाईट येईन ना सर. बसा. संत्री खा."

"अबे, संत्री खायाले आले का साहेब?" भूपेंद्रनं नागसेनचा कॉम्प्युटर स्वतःच चालू केला आणि मयुरीला खुर्चीत बसवलं. "काढ तू, कोंबडी काढ."

मयुरीनं पेन उचललं. मनातून ती रडकुंडीला आली होती. आज सगळं नीट चालणार, साहेबांना पसंत पडणार, आणि झालं. एक चित्र काढलं. दुसरं काढलं. पुढंमागं करून दाखवलं: मागची लाल, पुढची हिरवी, दोन्ही सुरेख फिक्या. पियुष सर मान डोलवू लागले. तिसऱ्या चित्रावर तिनं कोंबडीचा उजवा पाय उचलला...

आणि लाल कोंबडी उलटी झाली. दप्तरासकट. डोकं खाली, दोन्ही पाय आभाळात.

"असं होतच नाई," मयुरी म्हणाली.

"होतंय की," पियुष सर म्हणाले. "दिसतंय मला."

"नाई सर, असं होऊच शकत नाई. हे मी मनानं सांगतलं होतं."

बोलली आणि पेन तिच्या हातातून गळून पडलं. खोलीत नुसता इन्व्हर्टर गुणगुणत होता. पडद्यावर कोंबडी पाय वर करून लटकली होती.

"मनानं?" भूपेंद्र म्हणाला. "म्हणजे हे भोक नव्हतंच?"

"नव्हतं."

"सरकणारं?"

"तेही नव्हतं."

"अन् गुलाबी? ते तर मी माह्या डोळ्यानं..." भूपेंद्र सावकाश नागसेनकडे वळला. "मंग मी रोज संध्याकाळी काय पाहून राह्यलो होतो बे?"

नागसेननं मान खाली घातली. "ते मी केले होते, भाऊ. तुमाले भोक दाखवा लागे ना. तिनं सांगतलं का मी आधी शोधो. सापडे नाई. मंग... तयार करो. अन् तुमी पाह्यलं का काढून टाको. हे उलटंवालं काढाचं राह्यलं."

"म्हणजे चांगल्या कापडाले तू भोकं पाडली? अन् तीच बुजवाले मी तुले पगार देल्ला?"

"हो."

पियुष सरांचे खांदे हलायला लागले होते. ते हसू दाबत म्हणाले, "हे उलटं करायला किती दिवस लागले?"

"सगळ्यात जास्त तेच कठीण गेलं, सर," नागसेन प्रामाणिकपणे म्हणाला. "तिच्या मनात आलं तेव्हाच झालं पाह्यजे, असं होतं ना."

मग लाईट आली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर भोकं नसलेला कांदा दाखवला. पियुष सरांनी स्वतः पेन घेऊन एक बेडूक काढला, पुढंमागं नेला, सरकपट्टी ओढून पाहिली. शेवटी म्हणाले, "इतका चांगला कांदा मी पाहिला नाही. घेतला. आणि हा मुलगा सोमवारपासून पुण्यात."

भूपेंद्र एका क्षणात सगळा राग विसरून चहा सांगायला धावला. मयुरी उठली आणि कुणाकडे न बघता जिन्यात जाऊन उभी राहिली. जिन्याच्या कडेला कापडाचे तागे रचले होते. त्यातल्या एका निळ्या ताग्याचा सुटा कोपरा ती बोटाला गुंडाळू लागली. मागून पावलं वाजली, तिच्या वरच्याच पायरीवर थांबली.

"रागावली?"

"मी खोटं बोलली, ते बोलली," ती वळली नाही. "तू कायले ते खरं करत बसला?"

"भाऊले भोक दिसलं नसतं तर तू खोटी पडली असती. ते... मले पाहवलं नसतं."

"अन् मले एकदाही सांगतलं नाई."

"काय सांगू? कधी वाटे, हे रोज नवीन काढून राह्यली, म्हणजे तिले मी जाऊ नये असं वाटत असन. अन् कधी वाटे, खरंच दिसत असन तिले, मीच येडा. इचारलं असतं, अन् तू म्हणली असती का खरंच दिसते..." तो थांबला. "तर मंग जिन्यात येऊन बसाले तोंड नसतं राह्यलं मले."

मयुरीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, आणि दोन्ही एकदम आवरणं काही सोपं नसतं. तिनं नाक ओढलं.

"जा तू पुण्याले," ती म्हणाली. "चांगली नोकरी आहे. तुह्या हाताले गुण आहे. खोटं बोलून अडवलेला माणूस मले नको."

खाली प्रभाकरराव कुणाला तरी धोतरजोडीचा भाव सांगत होते. नागसेन एक पायरी खाली आला. मग आणखी एक, आणि तिच्या समोर उभा राहिला.

"मंग खरं बोलून अडव," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं. इतके दिवस तिच्या तोंडून कितीतरी खोटी वाक्यं सटासट बाहेर पडली होती, आणि हे एक खरं वाक्य काही बाहेर येईना. कोपरा बोटाला गुंडाळून गुंडाळून बोटाचं टोक पांढरं पडलं.

"तू..." ती म्हणाली. "तू मले..."

"हं."

"हं काय? बोलू दे ना... तू मले आवडतो नागसेन. खूप आवडतो. तू खुर्ची ओढून बसतो ना, तेव्हा माह्या हातून एक रेघ सरळ निघत नाई. तू गेला तर मी काय करू, मले समजून नाई राह्यलं. नको जाऊ."

नागसेन तिथंच पायरीवर बसला. त्याचे कान लाल झाले होते, आणि या वेळी मयुरीनं ते खुशाल, पोटभर पाहिले.

"नाई जात," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, एखादी फार अवघड गोष्ट पहिल्यांदाच नीट चालावी तसं हसत, "मलेही तू आवडते. बाजारात पाह्यलं तेव्हापासून. पण ते मी सोमवारी सांगीन म्हणलं होतं."

"कोणत्या सोमवारी?"

"हरेक सोमवारी."

दोघं वर गेले तेव्हा पियुष सर चहा संपवत होते. नागसेननं खुर्चीच्या पाठीला धरून सांगून टाकलं की सॉफ्टवेअर घ्या, पण मी येत नाही. पुढचं जे काम असेल ते इथून करून पाठवीन, जमत नसेल तर दुसरा माणूस पाहा. भूपेंद्रचा कप बशीत खडखडला. पियुष सरांनी आपला कप बाजूला ठेवला.

"पगार पुण्याचा मिळणार नाही," ते म्हणाले.

"चालन."

"आणि कंपनीत मला कारण विचारतील. चांगली संधी सोडून हा मुलगा वर्ध्यातच का राहिला? काय सांगू?"

"घरचं... म्हणजे देवळीले... आईची तब्येत," नागसेन चाचरू लागला. "शेतीचंही पाहा लागते, अन् हवाही मले..."

त्याला खोटं बोलता येत नव्हतं, बिचाऱ्याला. मयुरी पुढे झाली. ओढणी नीट केली, साहेबांच्या डोळ्यांत बघितलं.

"कारण मी आहे, सर," ती म्हणाली.